उंचीचं घड्याळ

१

सकाळी तलाव, दुपारी झोप, संध्याकाळी सपरी. चाळीस वर्षं माझं हेच चाललं. पाण्यातून आलो की जाळं वाळत घालायचं, लाखोळीच्या डाळीसंगं भात खायचा, घटकाभर पडायचं, आणि उन्हं उतरली की घरापुढच्या सपरीत बाज टाकून बसायचं. मग माणसं यायची. आम्हा ढिवरांच्या मासेमारी सोसायटीची बैठक असो, कोणाच्या पोरीची सोयरीक असो, बांधावरून दोन भावांचं भांडण असो, रामाजीच्या सपरीत यायचं आणि रामाजी म्हणेल ते ऐकायचं. मी तिसरी शिकलेला. पण नागभीडच्या आजूबाजूला पाण्यातलं माझ्याइतकं कोणाला कळत नव्हतं. बुडालेला माणूस कुठं लागेल ते मी काठावरून सांगायचो आणि तिथंच तो लागायचा. नऊ जण काढले मी.

सत्त्याण्णव साली माझा धाकटा भाऊ मनसाराम विमानदलातून रिटायर होऊन घरी आला, आणि माझी सपरी रिकामी पडली.

२

आमचं घर एकच, मधे अंगण. अंगणापलीकडे त्यानं विटांची, स्लॅबची एक खोली बांधली आणि ती विमानाच्या सामानानं सजवायला घेतली. महिनाभर नुसता खिळे ठोकल्याचा आवाज. भिंतीवर लाकडी ढाली, त्यांच्यावर पितळी पक्षी. काचेच्या फोटोत विमानांच्या रांगा, पुढे माणसांच्या रांगा, त्यात बोटाएवढा मनसाराम. कोण्या साहेबानं दिलेलं पायलटचं हेल्मेट, त्याला हत्तीच्या सोंडेसारखी लोंबणारी नळी. खिडकीला पडदा म्हणून पॅराशूटचं कापड. आणि छताखाली सात विमानं, पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची, त्यानं स्वतः कोरलेली. ती टांगायला जाळ्याचा बारीक नायलॉन दोरा, तंगूस, माझ्याकडूनच मागून नेला.

"भाऊ, तुह्या जाळ्याचा तंगूस डोळ्याले दिसत नाई," म्हणाला. "विमान खरंच उडून राह्यलं असं वाटते."

प्रत्येक वस्तूखाली इंग्रजीत टाइप केलेली चिठ्ठी. वाचता कोणाला येते? पण चिठ्ठी आहे म्हटल्यावर लोक मान हलवत.

मनसाराम विमान चालवत नव्हता. फिटर होता, इंजनाचे बोल्ट कसायचा. त्यानं ते कधी लपवलंही नाही. पण ऐकणाऱ्याला त्याचं काय? विमान म्हटलं की तोंड उघडं. मास्तर येत, फॉरेस्टचे लोक येत, एकदा तर लग्नाची आख्खी वरात थांबून खोली पाहून गेली. माझी बायको रुखमासुद्धा उठली की तिकडे.

"काऊन जातं तू तिथी घडीघडी?" मी विचारलं.

"पंखा हाय तिथी. आन् भाऊजी हासवते. तुमच्यापाशी बसलं का ढेकणं चावते नुसते."

एका संध्याकाळी मी बाज टाकली, बिडी पेटवली, वाट पाहिली. सोसायटीची बैठक होती. कोणी आलं नाही. अंगणापलीकडून हसण्याचा आवाज आला. बैठक तिकडे भरली होती आणि मला बोलवायचं कोणाच्या ध्यानातही नव्हतं. ज्याला मी कमरेला दोर बांधून पोहायला शिकवलं, त्याच्या दारात मी उभा राहून ऐकलं. आत जागा नव्हती.

३

पुढच्या उन्हाळ्यात तलाव खूप खाली गेला. मी आणि माझा जोडीदार इसरू डोंग्यात होतो. मधल्या खोल पाण्यात जाळं जड लागलं. मला वाटलं ओंडका असेल. वर ओढलं तर चिखलात एक गोल, काळी वस्तू. वाटीच्या तोंडाएवढी, पण जड. पुसली तर वर काच, कुठं तडा नाही. आत घड्याळासारखे आकडे आणि पांढरा काटा.

आमच्यात एक रीत आहे. जाळ्यात मासळीशिवाय जे येईल, लोटा असो, हाड असो, देवाची मूर्ती असो, ते दिवस बुडायच्या आत जिथून आलं तिथंच परत सोडायचं. सोडताना पाहायचं नाही, पाठ करायची. काऊन, ते बापानं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. चाळीस वर्षांत मी कधी चुकलो नाही.

"टाकून दे भाऊ," इसरू म्हणाला.

"हे विमानातलं दिसते."

"आपल्या इथी कोणतं विमान पडलं? टाकून दे. तलावाचं तलावाले."

मी ते घड्याळ धोतरात गुंडाळलं. इसरू वल्हं हातात धरून माझ्याकडे पाहत राहिला.

४

मनात काय होतं ते लिहितो, आता लपवून काय करायचं. दोन गोष्टी होत्या. एक, त्या भिंतीवर एक तरी वस्तू माझी असावी. येणाऱ्यानं विचारावं, हे कोणी दिलं, आणि मनसारामनं माझं नाव घ्यावं. दुसरी, ही वस्तू घरात ठेवायची नसते हे मला माहीत होतं, त्याला नव्हतं. पंधराव्या-सोळाव्या वर्षी गाव सोडलेला माणूस, त्यानं जाळं कधी टाकलंच नाही. त्याच्या त्या खोलीला थोडं काही व्हावं. भिंत उलावी, पंखा जळावा, असं. याहून मोठं मी काही मागितलं नव्हतं.

मनसारामनं वस्तू हातात घेतली आणि त्याचा चेहरा लहान लेकरासारखा झाला.

"भाऊ! हे उंची पाहाचं घड्याळ व्हय. विमान जमिनीपासून किती वर हाय ते दाखवते. कुठी भेटलं तुले?"

"नागभीडले. मन्सूरच्या भंगारात."

त्यानं मला मिठी मारली. तीस वर्षांत पहिल्यांदा. मी अंग आक्रसून उभा राहिलो.

५

नागभीड स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर समुद्रापासूनची उंची लिहिलेली असते. मनसाराम सायकलनं जाऊन ती पाहून आला, त्याचे फूट केले आणि बाजूची खुंटी फिरवून काटा साडेसातच्या जवळ आणून ठेवला. एक आकडा म्हणजे शंभर फूट, त्यानं मला समजावलं. शून्य म्हणजे समुद्राचं पाणी. घड्याळ त्यानं मधल्या भिंतीवर लावलं, खुर्चीच्या समोर. खाली चिठ्ठी.

त्या संध्याकाळी सोसायटीचे लोक आले. मी मुद्दाम दारात उभा राहिलो. मनसारामनं चिठ्ठीवर बोट ठेवून इंग्रजीत काही वाचलं, मग लोकांना बराच वेळ समजावलं, पण पंख्याच्या घरघरीत दारापर्यंत शब्द पोचले नाहीत. लोक वळून माझ्याकडे पाहून हसले. भंगार आणून दिलं म्हणून हसत असतील. मी तिथून निघून आलो.

चार दिवसांनी तो अंगणात दात घासत होता.

"भाऊ, काटा साडेसहावर आला."

"मंग?"

"मंग काई नाई. हवा बदलली का हलते थो. पण एवढा हलत नाई." आणि हसला. "घड्याळ म्हणते आपलं घर शंभर फूट जमिनीत गेलं."

मीही हसलो. जुनी वस्तू, पाण्यात पडलेली, बिघडली असेल. सायकल बिघडते, पंप बिघडते, हे काय वेगळं?

६

काटा पाचवर आला. मग चारवर. मनसाराम खुंटीनं वर आणायचा, सकाळी तो होता त्याच्याही खाली. शेवटी त्यानं मला बोलावलं. टेबलावर पेपर पसरून घड्याळ पालथं ठेवलं होतं, मागचं झाकण उघडलेलं.

"याच्यात एक डबी असते भाऊ, हवेनं फुगणारी. तिच्यानं काटा चालते. पाहा."

मी पाहिलं. आत डबी नव्हती. चाकं नव्हती. तलावाच्या तळाची काळी माती ठासून भरलेली होती, ओली. आम्ही उन्हाळ्यात ते काढलं, आता भादवा लागला होता. चार महिन्यांत ती वाळायला हवी होती. त्यानं काडीनं सगळी माती कोरून काढली, फडक्यानं पुसली. आतलं भांडं रिकामं, चकचकीत झालं. काट्याला मागून धरायला काहीच नव्हतं.

त्यानं झाकण लावून घड्याळ परत भिंतीवर टांगलं. आम्ही दोघं पाहत उभे राहिलो. काटा चारवर होता. मग तो केसभर खाली आला. मी डोळे चोळले. वयाचे डोळे, असं मी स्वतःला सांगितलं.

"काढून टाक," एवढं तरी मी म्हणायला हवं होतं. म्हटलं असतं तर त्यानं विचारलं असतं, काऊन? आणि मला तलावाचं सांगावं लागलं असतं. तेव्हा मी म्हणालो, "तू शिकलेला. तुले समजंन."

७

खोलीत आवाज बदलला. हे मला पहिल्यांदा रुखमाच्या तोंडून कळलं. "कानात दडे बसते तिथी," ती म्हणाली आणि जाणं बंद केलं. मग मी लक्ष देऊन ऐकलं. पंखा तोच, पण त्याची घरघर जाड झाली होती, लांबून आल्यासारखी. पॅराशूटचा पडदा वाऱ्यानं फडफडत नव्हता. तो हळूच फुगायचा, तसाच राहायचा, मग हळूच बसायचा. भिंतीवर गुडघ्याएवढ्या उंचीवर एक ओलसर रेघ उमटली. चार दिवसांनी ती कमरेला होती. रेघेखालची भिंत हात लावला तर कोरडी.

लोकांना नेमकं काही सांगता येत नव्हतं, पण ते उठून बाहेर येऊ लागले. मास्तर म्हणाला डोकं दुखतं. सोसायटीचा सेक्रेटरी म्हणाला छातीवर भार येतो. आणि एका संध्याकाळी सगळे माझ्या सपरीत येऊन बसले, जणू कधी गेलेच नव्हते.

"रामाजीभाऊ, चहा तं सांगा," असं म्हणाले.

मी चहा सांगितला. खोटं कशाला बोलू, तो चहा फार गोड लागला.

मनसाराम मात्र खोलीतच राही. समोर खुर्ची टाकून काट्याकडे पाहत. वहीत तारीख आणि आकडा लिहायचा. जेवायला बोलावलं तर हाकेला उशिरा ओ द्यायचा, आणि ती ओ अशी यायची की त्याला वर यायला वेळ लागला असावा. इसरू रस्त्यात भेटला की मान खाली घालून जायचा. एकदाच थांबला.

"भाऊ तुहा हाय," म्हणाला, आणि गेला.

८

भासरा, म्हणजे थोरला दीर, आणि भावसून यांच्यात बोलणं नसते. मनसारामची बायको कांता दहावी शिकलेली, लग्नानंतर छावण्यांच्या गावात राहिलेली, पण माझ्यासमोर डोक्यावरून पदर ओढून बाजूनं जायची. काही सांगायचं तर रुखमाला सांगे, रुखमा मला सांगे. बावीस वर्षं अशीच गेली.

त्या दिवशी रुखमा बाजाराला गेली होती. सकाळचे दहा-अकरा झाले असतील. कांता अंगण ओलांडून सपरीत आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. पदर खांद्यावर. मी रीतीप्रमाणे तोंड फिरवलं.

"भाऊ, इकडे पाहा. थे घड्याळ कुठून आणलं?"

"सांगलं ना. मन्सूरच्या भंगारातून."

"मी काल मन्सूरभाईकडं जाऊन आली. थे म्हणते, असं काई माह्या दुकानात आलंच नाई."

मी बिडी शोधू लागलो.

"तलावातलं व्हय का?"

तीही ढिवराची पोर. माझं गप्प राहणं तिला पुरलं. खाली बसेल असं वाटलं, पण बसली नाही.

"तुम्ही काढून आणा. मी हात लावला तं हात धरते माहा. म्हणते, माह्या भावानं देलेलं हाय, थे मी काढणार नाई." तिचा आवाज चिरकला. "त्या चिठ्ठीवर काय लिहून हाय, माहीत हाय तुम्हाले? 'माझ्या मोठ्या भावाची भेट. याने मला पोहायला शिकवलं.' आलेल्या माणसाले पहिले थेच वाचून दाखवते. बाकी साऱ्या गोष्टी मागून."

मी उठलो. लोक वळून माझ्याकडे पाहून हसले होते ती संध्याकाळ डोळ्यासमोर आली. ते हसणं मी कसं घेतलं होतं, आणि ते कसलं होतं.

"काटा शून्याच्या खाली गेला काल," कांता म्हणाली. "माह्यानं तिथी पाहवत नाई. तुम्ही जा."

ती तिच्या सयपाकघरात गेली. मी अंगण ओलांडलं.

९

दार उघडं होतं. बाहेर लख्ख ऊन, आणि ते उंबरठ्यापर्यंत येऊन थांबलेलं. आतला उजेड हिरवट. तसा उजेड मी हजारदा पाहिला आहे. पाण्यात दोन पुरुष खोल गेलं आणि वर पाहिलं की असतो.

मनसाराम खुर्चीत, माझ्याकडे पाठ. त्याचे केस उभे होते आणि हळूहळू हलत होते. वहीची पानं एकेक करून उलटत होती, वारा नसताना. मग मी वर पाहिलं. सात विमानं छताला टांगलेली असायची. आता छतापासून सुटलेला त्यांचा तंगूस भिंतीच्या खिळ्यांना, कपाटाच्या मुठीला अडकून ताठ झाला होता, आणि विमानं वर ओढ घेत होती. नाकं वर. हलकं लाकूड बांधून ठेवलं की पाण्यात असंच करतं.

"मनसाराम!" मी म्हणालो. मला माझाच आवाज आला नाही.

त्यानं मान वळवली. सावकाश, फार सावकाश. तोंड उघडलं. त्यातून आवाज निघाला नाही, जे निघालं ते वर गेलं आणि छताला लागून पसरलं. त्यानं माझ्याकडे हात केला. लहानपणी कमरेला दोर बांधून मी त्याला सोडायचो, तेव्हा दम संपला की तो असाच हात करायचा. वर ओढ भाऊ.

मी हात आत घातला. कोपरापर्यंत गार. बाहेर काढला तर कोरडा.

पाऊल टाकायचं होतं. दोन पावलांवर तो होता. मी नऊ जण काढले, त्यात ओळखीचा एक नव्हता, तरी मी उडी मारताना कधी थांबलो नाही. इथं मी थांबलो. भीती वाटली, असं मी सगळ्यांना सांगितलं. भीती होतीच. पण भीतीच्या आधी एक दुसरी गोष्ट आली. खोलीकडे पाहून, त्या ढाली, ते फोटो, ते हेल्मेट बुडालेलं पाहून, माझ्या मनात आलं, बरं झालं. फक्त एक श्वास. मग मी आत उडी घेतली.

आत पाणी नव्हतं. मी फरशीवर आपटलो. पंखा घरघरत होता, नेहमीसारखा. विमानं छताला लोंबत होती. मनसाराम खुर्चीत होता, कपडे इस्त्रीचे, कोरडे. मी ओरडलो.

१०

नागभीडच्या डॉक्टरनं हृदय बंद पडलं म्हणून लिहून दिलं. बरोबरच असेल. पण खुर्चीतून त्याला मी उचललं होतं. नुसत्या मेलेल्या माणसाचं वजन वेगळं असतं आणि बुडालेल्याचं वेगळं. हे डॉक्टरला कोण सांगणार?

घड्याळ इसरूनं तलावाकडे नेलं. मी काट्याकडे पाहिलं नाही. संध्याकाळी तो ओल्या धोतरानं परत आला आणि माझ्या सपरीसमोरून गेला, न थांबता. सपरीत माणसं बसलेली होती. त्या दिवसापासून रोज बसतात.

तेरवी झाली, पाहुणे गेले. मी अंगणात पत्रावळी गोळा करत होतो. कांता समोर आली. आता ती माझ्यासमोर पदर घेत नाही. सरळ पाहते.

"भाऊ, एक इचारू?"

"इचार."

"तुम्ही दाराशी किती वेळ उभे होते?"

"किती म्हणजे? गेलो, पाहालं, आत धावलो. एका श्वासाचं काम."

ती शांतपणे बोलली, चूल-भांड्याची गोष्ट सांगावी तशी.

"तुमच्या चपलाचा आवाज दाराशी थांबला तवा मी तांदूळ धुवून राह्यली होती. मंग आधण आलं. तांदूळ वैरले. भात शिजला. पेज काढली. झाकण ठेवून निखाऱ्यावर मुरत ठेवला." ती थांबली. "मंग तुम्ही ओरडले."

पत्रावळी उचलून ती आत गेली.

मला अजून एकच श्वास आठवतो. कितीही आठवून पाहिलं तरी एकच. सकाळी रुखमा तांदूळ धुवायला बसली की मी उठून बाहेर जातो, आणि जेवायची हाक येईपर्यंत परत येत नाही.